पाय नसलेली कोंबडी

बाई, तुमची चित्रं मी खराब केली. एका रविवारी जेवणं आटोपल्यावर, वाशीच्या आमच्या घरात, खिडकीशी पाट मांडून मी दाढीच्या पात्यानं तुमच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरचं मेण खरवडलं आणि काळ्या पक्क्या शाईनं अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस चित्रं पुरी केली. कोंबडीला पाय काढले. होडीला वल्हं दिलं. बैलाला दुसरं शिंग, मडक्याला तळ, नवरीला नाक. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा मी बी श्रेणीत पास झालो होतो, आणि त्या दुपारी तिचं सार्थक झाल्यासारखं मला वाटत होतं.

नलिनी भांडी विसळत होती. तिनं मान वळवून विचारलं, त्या बाईंना विचारलंत का? मी म्हणालो, यात विचारायचं काय, चुका तर दिसतायत. माझ्या बायकोला पत्ते पाहून दोन मिनिटांत जी शंका आली, ती मला आली नाही. मी उपकार करत होतो. उपकार करणाऱ्या माणसाला शंका येत नाहीत.

संस्थेनं स्मरणिकेसाठी माझ्याकडे तुमच्याविषयी एक पान मागितलंय. जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं, स्वभाव असा छापील मजकूर आहे आणि पुढे रिकाम्या रेघा. 'स्वभाव' या शब्दापुढे कुणीतरी पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलंय, 'प्रेमळ, शांत'. शांत. तुम्ही. ते पान मी कोरं परत करणार आहे आणि त्याच्याऐवजी हे देणार आहे. छापलं तर छापलं.

तुम्हांला ठाऊक असलेलंच बरंचसं पुन्हा सांगावं लागेल, कारण हे इतर लोकही वाचतील. मधे तोंड घालाल हे माहीत आहे. घाला.

आपली पहिली भेट तळवलीच्या देवळात भरणाऱ्या बालवाडीत झाली. आणीबाणीचं वर्ष होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा, कऱ्हाडकडून आलेला, संस्थेच्या बालवाड्यांचा पर्यवेक्षक. ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसमधून उतरायचं, पायी गावात जायचं, घणसोली, तळवली, शिरवणे असे वर्ग पाहायचे आणि शेरेबुकात शेरा लिहायचा, हे माझं काम. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. तुम्ही पस्तिशीच्या, सातवी पास, पोरांच्या मधोमध मांडी ठोकून बसलेल्या. मी आलो तरी उठला नाहीत. "बस रं तिथं," म्हणालात, "आमचा चाललाय." पर्यवेक्षकाला 'बस रं'. तुम्ही सगळ्यांनाच तू म्हणता, सरपंचाला म्हणता आणि देवळातल्या देवालाही म्हणता, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी ते मनात नोंदवून ठेवलं.

तुमच्या हातात पुठ्ठ्याचा पत्ता होता. तुमचे यजमान रस्त्यापलीकडच्या औषधाच्या कारखान्यात हमालीला होते. तिथली फाटकी खोकी घरी यायची. तुम्ही पुठ्ठा कापायचात, कडांना जुन्या लुगड्याची पट्टी शिवायचात, गेरू, नीळ आणि काजळीनं चित्र काढायचात आणि वरून मेणबत्ती घासायचात. गावातले बापे थट्टा करत, गोपीबायनं पोरांना पत्त्यांचा नाद लावला. तुम्ही म्हणायचात, तुमच्यावानी हरत तं नाय.

त्या सकाळी पत्त्यावर कोंबडी होती. पिसारा होता, चोच होती, तुरा होता. पाय नव्हते. तुम्ही पत्ता वर धरून म्हणालात, झाली बा माझी कोंबरी पुरी. वीस पोरं एकदम म्हणाली, नाय. का नाय? पाय नाय. तुम्ही म्हणालात, पाय कशाला पायजेत, बसलीय ती. एक पोरगा उभा राहिला आणि सांगू लागला की बसली तरी पाय पोटाखाली असतात, त्यानं उचलून पाहिलंय. दुसरी म्हणाली, मांजर आलं तर पळेल कशी? तुम्ही म्हणालात, उडंल. ती म्हणाली, कोंबडी कुठं एवढी उडते? तुम्ही हटायला तयार नव्हता. पोरं रडकुंडीला आली, एकमेकांना दुजोरा द्यायला लागली, एकाचं वाक्य दुसरा पुरं करू लागला. शेवटी हरल्याचं सोंग करून तुम्ही खडू त्या पोरीच्या हातात दिलात. तिनं पाय काढले. चांगले चार काढले. त्यावरून पुन्हा भांडण. वर्ग सुटल्यावर तुम्ही मेणावरचा खडू ओल्या फडक्यानं पुसून टाकलात आणि कोंबडी परत बिनपायाची झाली, उद्याच्या भांडणाला तयार.

हे सगळं मी पाहिलं, बाई. हाताच्या अंतरावर बसून पाहिलं. आणि मला दिसलं एवढंच की या बाईंना कोंबडी काढता येत नाही.

आमचा संच छापील होता. सफरचंद, द्राक्षं, सिंह, आगगाडी, खाली मोठ्या अक्षरांत नाव. बाईंनी विचारायचं, हे काय? पोरांनी एका सुरात म्हणायचं, सफरचंद. ज्या गावात सफरचंद फक्त दवाखान्यात झोपलेल्या माणसासाठी घेतलं जाई, तिथली पोरं ते दिवसातून दहादा ओरडत. एक शब्द विचारायचा, एक शब्द मिळवायचा. मला ते शिक्षण वाटत होतं. तुम्ही एकदा मला म्हणाला होता की तुझ्या सिंहाला बघून पोरां काय बोलतील, सिंह म्हंजे सिंह, संपला. मी हसलो होतो. अडाणी बाईचं बोलणं म्हणून हसलो होतो, हेही लिहून टाकतो.

आता हौशी. हौशी चार वर्षांची होती. तिचा बाप मिठागरावर कामाला होता. पाच महिने ती बालवाडीत येत होती आणि तिनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. घरीही नुसती खुणा करायची. गाव तिला मुकी म्हणू लागलं होतं. मुकीला शाळेत घालून काय करायचं, असं तिच्या आईनं ठरवत आणलं होतं, आणि तिचं काही चुकत होतं असं नाही, कारण शाळेनंही तेच सांगितलं असतं. तुम्ही एकट्या म्हणत होता, "मुकी नाय ती. तिच्याशी कोनी भांडलाच नाय अजून."

मी पत्ते नेले त्या आठवड्यात हौशी बोट दाखवू लागली होती. कोंबडीच्या पोटाखाली बोट ठेवायची आणि तुमच्याकडे बघायची. तुम्ही मुद्दाम समजत नसल्यासारखं करायचात. काय गो, पोट दुखतंय तिचा? ती मान हलवायची आणि पुन्हा तिथंच बोट ठेवायची, जरा जोरानं. शनिवारी वर्ग सुटताना तुम्ही मला हे सगळं सांगितलंत. आज नाय तं सोमवारी बोलंल, म्हणालात. मी ऐकत नव्हतो. मी पत्ते मोजत होतो. ते मी पिशवीत घातले आणि म्हणालो की जरा नीट करून आणतो, सोमवारी देतो. नलिनीकडे शिवणाचं मशीन आहे हे तुम्हांला माहीत होतं. तुम्हांला वाटलं, मी उसवलेल्या कडा शिवून आणणार. तुम्ही मला चांगला माणूस समजलात, असं बहुधा ते एकदाच झालं.

सोमवारी तुम्ही मान वर न करता एकेक पत्ता उलटत गेलात. मला वाटलं, संकोच वाटतोय. पोरं भोवती जमली. त्यांनी होडी पाहिली, बैल पाहिला, नवरी पाहिली. कुणी नाय म्हणालं नाही. म्हणणार काय? सगळं बरोबर होतं. मग कोंबडी आली आणि हौशी पुढे सरकली. तिचं बोट वर आलं होतं. कोंबडीला पाय होते, तीन-तीन बोटांचे, नखांसकट. हौशीनं बोट खाली घेतलं आणि ती जाऊन खांबाला टेकून बसली.

"ह्या कोनी केलाय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हणालो, मी.

"तुना कोनी सांगतला?"

मी प्रमाणबद्धता की असं काहीतरी समजावू लागलो. तुम्ही ओलं फडकं घेऊन कोंबडीचे पाय घासायला लागलात. शाई पक्की होती, बाटलीवर तसं लिहिलेलंच होतं. मेण मी आधीच काढून टाकलं होतं. त्यामुळे पाय गेले नाहीत, कोंबडी गेली. गेरू फडक्याला लागून आला आणि पुठ्ठ्यावर नुसते दोन काळे पाय उरले. तुम्ही तो पत्ता माझ्यापुढे धरलात आणि मग मला जे बोललात ते मी इथं लिहीत नाही, कारण मग हे नक्कीच कुणी छापणार नाही. त्यातलं एकच वाक्य लिहितो. "तोंड उघरत व्हती पोरगी. तिचे तोंडात फडक्याचा बोला कोंबलास तू."

वीस पोरांसमोर. दारात पाण्याला आलेल्या दोन बायका उभ्या होत्या, त्या हसल्या. मी तिथंच बसून शेरेबुक उघडलं आणि लाल पेन काढलं. तो शेरा मला आजही तोंडपाठ आहे. 'बाईंनी काढलेली चित्रे सदोष व अपूर्ण आहेत. बाईंना चित्रकलेचे व बालशिक्षणाचे प्राथमिक ज्ञान नाही. मुलांवर चुकीचे संस्कार होत आहेत. प्रशिक्षित शिक्षिका नेमणे इष्ट.'

आपल्या संस्थेत एक पद्धत होती, अजूनही आहे. महिन्याच्या शेवटी गावची समिती आणि पालक देवळात जमायचे, पर्यवेक्षकानं शेरा मोठ्यानं वाचायचा आणि बाईंनी उभं राहून तो ऐकायचा. बहुतेक बाया खाली मान घालून उभ्या राहत. तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलात आणि मी वाचून संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिलात. मी वाचताना एकदा अडखळलो. 'वाच की,' तुम्ही म्हणालात.

दोन आठवड्यांत ठाण्याहून प्रशिक्षित शिक्षिका आल्या आणि तुम्ही सेविका झालात. झाडलोट, पाणी भरणे, मुलांना घरून आणणे आणि पोचवणे. सगळ्यांना वाटलं, गोपीबाय आता यायची नाही. मलाही वाटलं. खरं सांगायचं तर मला तसं हवं होतं. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्या झाडून झाल्या होत्या आणि तुम्ही पोरांना आणायला निघाला होता.

लोक या गोष्टीला तुमचा सोशिकपणा म्हणतात. म्हणू देत त्यांना. मी काय पाहिलं ते मी सांगतो.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी मी बसमधून उतरून शेताच्या बांधावरून तळवलीकडे येत होतो. पुढे थोड्या अंतरावर तुम्ही होता आणि तुमच्यामागे पोरांची रांग. तुम्ही फार हळू चालत होता. घरून देवळापर्यंतची दहा मिनिटांची वाट तुम्ही पाऊण तासाची केली होती, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या कमरेच्या पिशवीतून पत्ता निघाला. नवा होता. म्हणजे सेविका झाल्यापासून, पाणी भरून, घरचं सगळं करून, तुम्ही पुन्हा पुठ्ठे कापत होता. तुम्ही थांबलात, पत्ता पोरांकडे केलात आणि म्हणालात, यंदा तरी पुरी झाली बा माझी कोंबरी.

पोरं ओरडणार तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. सगळी गप्प झाली. तुम्ही हौशीकडे बघत होता. हौशीनं बोट ठेवलं. तुम्ही म्हणालात, पोट दुखतंय?

"पाय नाय," हौशी म्हणाली.

मी ऐकलं. घोगरा आवाज होता, जड, वापरात नसलेला. तुम्ही तिला उचलून घेतलं नाहीत. टाळ्या वाजवल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, "नसू दे. कशाला पायजेत?"

हौशीनं विचार केला. मग तिला राग आला, तिच्या चेहऱ्यावर दिसला. "उठंल कशी?" ती म्हणाली.

आणि तुम्ही तिच्याशी भांडत राहिलात, देवळाच्या दारापर्यंत. उठून जायचाय कुठं तिला, तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, घरी. मागून पोरं चालली होती, हसत, मधे मधे बोलत. मी बांधावरच थांबलो. नंतर दुसऱ्या वाटेनं, घणसोलीकडून वळसा घालून वर्गावर गेलो, म्हणजे तुमच्याशी नजरानजर नको. आत ठाण्याच्या बाई सफरचंदाचं चित्र घेऊन उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, या गावची मुलं फार बोलकी आहेत हो. मी म्हणालो, हो.

वार्षिक अहवालात मी लिहिलं, 'प्रशिक्षित शिक्षिका व छापील चित्रसंच यांमुळे मुलांच्या भाषेत समाधानकारक प्रगती.' मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. तरी मी ते निळ्या पेनानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्या अहवालानंतर मला मुख्य पर्यवेक्षक केलं गेलं. हौशी पुढच्या वर्षी शाळेत गेली आणि तुम्ही रस्त्यावर शिकवत राहिलात. एक वर्ष नव्हे, दोन वर्षं नव्हे, शेवटपर्यंत. ठाण्याच्या बाई गेल्या, दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. प्रत्येकीला तळवलीची मुलं बोलकी मिळाली.

तुम्हांला शांत म्हणणाऱ्यांना मी आणखी एक प्रसंग सांगणार आहे. देवळात नव्या शहराचा नकाशा घेऊन साहेब मंडळी आली होती तो. केवढं मोठं रंगीत चित्र होतं ते, दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. रुंद रस्ते, इमारती, झाडं, बाग. जमीन कुणाची किती जाणार यावर पुरुष बोलत होते आणि साहेब समजावत होते. तुम्ही झाडू टेकवून पुढे आलात आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिलात. बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "सगला काडलाय. बाग काडलाय, बागंत बाक काडलाय. आमी कुठं हाव?"

लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, बाई, हे सगळं तुमच्यासाठीच आहे.

"मंग खरू दे आमचे हातान," तुम्ही म्हणालात.

खरू म्हणजे खडू, हे साहेबांना कळलं नाही. त्यांना वाटलं, बाई कसला तरी अर्ज मागतेय. पण त्या देवळात तुमच्या पहिल्या पोरांतली काही होती, बारा-तेरा वर्षांची झालेली, आयांच्या मागे उभी. ती पुढे आली आणि नकाशावर बोट ठेवून विचारू लागली, आमचा तलाव कुठे, आमची शाळा कुठे, गुरं कुठून जातील, देऊळ एवढंसं का. एकामागून एक. नकाशा धरणाऱ्यांचे हात भरून आले तरी प्रश्न संपेनात. मी मागे उभा होतो. मी वाशीला ज्या इमारतीत राहतो ती असल्याच एका चित्रातून उभी राहिली आहे, आणि तिच्याखालीही कुणाच्या तरी कोंबड्या फिरत असणार. त्या दिवशी मला तुमचा जितका अभिमान वाटला तितकीच स्वतःची शिसारी आली. पण संस्थेचा माणूस म्हणून मी साहेबांना चहा द्यायला गेलो.

तुमच्या घरी मी एकदाच आलो, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत. हातात रंगीत खडूंची मोठी पेटी होती. तुम्ही ओट्यावर सुकट निवडत होता. मी पेटी पुढे ठेवली आणि म्हणालो, बाई, त्या वेळी माझं जरा चुकलंच. 'जरा' म्हणालो, मला आठवतंय.

तुम्ही सुकट निवडत राहिलात. म्हणालात, कुठं चुकला? मी म्हणालो, पत्त्यांच्या बाबतीत. नि शेऱ्याच्या? मी म्हणालो, तोही घाईत लिहिला गेला. मग तुम्ही मान वर केलीत.

"वाचलास तवा सगला गाव व्हता. आता मना एकटीला सांगतंस? देवलात सांग."

मी म्हणालो, नियमाप्रमाणे एकदा लिहिलेला शेरा खोडता येत नाही. तुम्ही म्हणालात, खोरू नको, बोल. मी म्हणालो, संस्थेची अब्रू असते. तुम्ही म्हणालात, माझी व्हती. एवढं म्हणून तुम्ही पेटी माझ्याकडे सरकवलीत. मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलंत, गूळ आणलात, नलिनी कशी आहे विचारलंत, मुलीचं नाव काय ठेवलं विचारलंत. पेटी मात्र घेतली नाहीत. मी ती घरी घेऊन आलो आणि मुलीला दिली.

ही गोष्ट तुम्हांला सांगायची राहिली, बाई. माझी मुलगी मीनल उशिरा बोलायला लागली. नलिनीनं डॉक्टर गाठायचं म्हटलं. मी दुसरंच केलं. तिला आंघोळ घातल्यावर मी एकच हात पुसायचो आणि म्हणायचो, झालं बाबा पुसून. एकाच पायात मोजा घालायचो आणि चल म्हणायचो. रिकामी वाटी पुढे ठेवून भात जेव म्हणायचो. ती माझ्याकडे तुमच्या हौशीसारखी बघायची. तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. तिचा पहिला शब्द 'नाही' होता, आणि तो ऐकून मी न्हाणीघरात रडलो. नलिनीला वाटलं, साबण गेला डोळ्यांत. आज ती पोर माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर भांडते आणि पुरावे देते. हे तुमचं देणं आहे. मी ते तुमच्या गावातून चोरून घरी नेलं आणि तुम्हांला कळवलंही नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजून सहमत नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून माघार घेणार नाही. पोरांना अधूनमधून पुरं चित्रही लागतं. दिवसभर भांडून दमलेल्या पोराला एखादी कोंबडी पायांसकट, शांतपणे बघावीशी वाटते. तुम्ही म्हणाला असता, बघू दे की बाहेर, आंगनात हाय खरी. यावरचं उत्तर मला वेळ मिळाला असता तर सुचलं असतं. तुमच्याशी भांडायला मला कधी वेळच मिळाला नाही, कारण मी तुमच्यापासून तोंड चुकवण्यात तेरा वर्षं घालवली.

तुमच्या तेराव्यानंतर देवळात शोकसभा झाली. गाव होतं, तुमचे यजमान होते, वर्गातली थोरली झालेली पोरं होती. हौशी पुढे बसली होती, सतरा वर्षांची, हाताची घडी घालून. संस्थेचे अध्यक्ष ठाण्याहून आले होते. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना जे कागदावर मिळालं ते त्यांनी सांगितलं. गोपीबाई म्हणजे सोशिकपणाची मूर्ती. नेमून दिलेलं सेविकेचं काम त्यांनी निष्ठेनं केलं. कधी कुणाला उलट शब्द बोलल्या नाहीत. मग त्यांनी ठराव वाचायला घेतला, 'संस्थेच्या ज्येष्ठ सेविका…' आणि तो कागद माझ्याच अक्षरातला होता.

हौशी उठणार होती. मी पाहिलं, तिनं घडी सोडली होती. ती बोलली असती तर बरोबरच बोलली असती. पण तुमच्यासाठी कुणीतरी दुसऱ्यानं बोलायचं आणि मी पुन्हा मागे उभं राहून अभिमान बाळगायचा, हे मला सहन झालं नाही. मी उठलो आणि म्हणालो, ठराव थांबवा. अध्यक्ष हळूच म्हणाले, अहो, आजचा दिवस नव्हे. मी म्हणालो, आजचाच आहे, याच्या आधीचे सगळे मी घालवले.

मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं बोललो. मी म्हणालो:

"मंडळी, तेरा वर्षांपूर्वी याच जागी उभं राहून मी गोपीबाईंवर लिहिलेला शेरा वाचला होता. तुमच्यातले बरेच जण तेव्हा इथं होते. मी वाचलं होतं की त्यांची चित्रं सदोष आहेत आणि त्यांना शिकवता येत नाही. ते खोटं होतं. त्यांची चित्रं मी खराब केली होती, त्यांना न विचारता. त्यांची जागा माझ्या शेऱ्यानं गेली. आणि पुढच्याच महिन्यात बांधावर मी या हौशीला बोलताना ऐकलं, तेव्हाच मला माझी चूक कळली. तरी मी गप्प राहिलो. लाज वाटत होती म्हणून, आणि खुर्ची हवी होती म्हणून. त्यांनी मला इथं, तुमच्यासमोर बोलायला सांगितलं होतं. त्या ऐकायला होत्या तोवर मी बोललो नाही. गोपीबाई सेविका नव्हत्या, शिक्षिका होत्या. ठरावात तसं लिहा. बाई, माझं चुकलं. जरा नाही, पूर्ण चुकलं. मला माफ करा."